ताकभाईचं ‘आनी’

झोहराने भाताचा आणखी एक डाव उचलला तसे ताकभाईने ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"आनी, आनी," तो म्हणाला.

"घालतंय ना! हात तर काढशील," झोहरा म्हणाली आणि त्याच्या मनगटाला डावाने हलकेच ढोसलं. हात बाजूला झाले. भात पडला, त्यावर कनादचं कालवण पडलं. कनाद म्हणजे आपली सुरमई. बहरीनच्या समुद्रात तिचं नाव तेवढं बदललंय.

ताकभाईने मान लववली आणि खाऊ लागला.

"बघ, याला म्हणतात जेवणारा," रहिमतुल्ला बायकोला म्हणाला. "नायतर तुझा भाऊ. दोन घास खाल्ले की पोट धरतो."

"माझ्या भावाला तुम्ही वाढलं होतं कधी?"

दाभोळकडच्या मुसलमानाच्या घरात ‘आनी’ म्हणजे आणखी. पाहुण्याने ‘आनी’ म्हटलं की वाढायचं, त्यात विचारण्यासारखं काही नाही. कोरियातून आलेला हा उंच, गप्प माणूस पहिल्याच दिवशी त्यांच्या ताटावर बसून ‘आनी’ म्हणाला, तेव्हा झोहराला तो सासरच्या माणसांपेक्षा जवळचा वाटला होता. नाव ताक म्योंग-हो. कोरियात आडनाव आधी लावतात. "आडनाव ताक, पण आंबट नाय हो," ती तेव्हा म्हणाली होती, आणि तेव्हापासून तो या घरात ताकभाई झाला.

रहिमतुल्ला इथल्या फुटबॉल क्लबचा किटमॅन. जर्सी धुवायच्या, बॉलमध्ये हवा भरायची, आणि कुणाचं कुणाला कळेना झालं की मध्ये उभं राहायचं. थोडी अरबी, थोडी इंग्रजी, बरीचशी हिंदी. क्लबने ताकभाईला उम्म अल हस्सम वस्तीत याच इमारतीत वरच्या मजल्यावर खोली दिली होती, त्यामुळे शुक्रवारचं जेवण इथे ठरलेलं.

ताकभाई डिफेंडर. जहाज बांधणाऱ्या कारखान्याच्या संघातून सुरुवात, मग लष्करातली सक्तीची नोकरी आणि तिथला संघ, मग मोठी लीग. पंधरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या पायांत पाय घालत आला. गोल करणाऱ्याचं नाव लोक पोरांना ठेवतात. गोल अडवणाऱ्याचं नाव फक्त तो चुकला त्या दिवशी पेपरात येतं. तिकडे वय झालं म्हणून सोडून दिलं, तेव्हा इकडच्या क्लबने उचलला. क्लब माणूस घेत नाही, पाय घेतो. आणि ताकभाईचा उजवा पाय आता पाय राहिला नव्हता. प्रत्येक मॅचआधी क्लबचा डॉक्टर गुडघ्यातलं पाणी सुईने ओढून काढायचा, पट्टी घट्ट बांधायचा आणि पाठीवर थाप मारून म्हणायचा, "यल्ला, चल."

त्या रविवारी मॅनेजर अबू सादने दोघांना ऑफिसात बोलावलं. एसी इतका लावलेला की रहिमतुल्लाच्या घामाचं पाणी पाठीवर गार झालं.

"विचार त्याला," अबू साद म्हणाला. "अजून एक सीझन राहणार का?"

रहिमतुल्ला ताकभाईकडे वळला. "ताकभाई, एक साल और? स्टे? यस ऑर नो?"

ताकभाईने आधी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे नाही, रहिमतुल्लाकडे पाहिलं. 

"आनी," तो म्हणाला.

रहिमतुल्लाच्या छातीत काहीतरी फुललं. अजून एक वर्ष. शुक्रवारी ताटावर कुणीतरी असणार. "मोर!" तो मॅनेजरला म्हणाला. "ही वाँट मोर, अबू साद."

"खलास, ठरलं," मॅनेजर म्हणाला आणि फोन उचलला.

पुढच्या शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर दोघे बाब अल बहरीनच्या बाजारात गेले. ताकभाईला मुलीसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या आणि घरी फोन करायचा होता. कोरियात तेव्हा संध्याकाळ सरत आलेली असते, मुलगी झोपायच्या आधी सापडते. कार्डाच्या फोनच्या काचेबाहेर रहिमतुल्ला उभा राहिला. आतून ताकभाईचा आवाज येत होता, मैदानावर कधीच नसतो इतका मऊ. मग तो थांबला. पलीकडून मुलगी काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा, तेच. ताकभाईने डोळे मिटले, मान हलवली.

"आनी," तो म्हणाला. "आनी."

रिसीव्हर ठेवून तो बाहेर आला.

"काय म्हणते बेटी?"

"पूछती, पापा घर कब? धिस समर?" ताकभाई म्हणाला. "मी बोला, आनी."

"आनी? म्हणजे... आणखी एक वर्ष?"

"नो," ताकभाई म्हणाला. "आनी मतलब नो. कोरियात."

रहिमतुल्ला तिथेच उभा राहिला. कापडाच्या दुकानातला पोरगा त्याला बाजूला व्हायला सांगत होता, ते त्याला ऐकू आलं नाही. भात, सुरमई, ताटावर आडवे धरलेले हात. आणि ऑफिसात त्याच्याकडे बघत म्हटलेलं ते एक ‘आनी’.

"अरे, मग मी अबू सादला काय सांगितलं! ताकभाई, तू नो बोलला आणि मी मोर सांगितलं? तू काय झोपला होतास? त्याच वेळी माझं थोबाड का नाही धरलंस?"

ताकभाई त्याला ओढत चहावाल्यापाशी घेऊन गेला. दोन कडक चहा सांगितले. बाकावर बसला, उजवा पाय समोर लांब केला.

"मालूम," तो म्हणाला. "भाभी का आनी, मोर. माझा आनी, नो. पहिला महिना मालूम."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"भाभी खूश होती. मी पण खूश. म्हणून बोलतो."

"ते जेवणाचं झालं. ऑफिसात कुठला आनी होता? तुझा का आमचा?"

ताकभाईने चहाचा घोट घेतला. मग हिंदी-इंग्रजीची मोडकी लाकडं एकमेकांवर ठेवत बोलला. पंधरा साल. कोच बोलतो पुढे, पुढे जातो. बोलतो थांब, थांबतो. कारखान्याने सांगितलं, गेला. लष्कराने सांगितलं, गेला. मोठ्या क्लबने सांगितलं घरी जा, गेला. कुणी विचारलं नाही कधी. अबू सादने विचारलं. पहिली बार.

"पूछा तो... मालूम नहीं," तो म्हणाला. "तू बोला मोर. मी सोचा, ठीक. रहिमभाई बोला."

"असं माझ्या गळ्यात घालू नकोस, हां!" रहिमतुल्ला ओरडला. दोन माणसं वळून बघायला लागली. "माझं काय? मला तू इथेच पाहिजेस! मी काय सांगणार?"

ताकभाईने मान लववली, झोहराच्या ताटावर लववायचा तशी.

घरी आल्यावर रहिमतुल्लाने बायकोला सगळं सांगितलं. झोहरा भांडी पुसत होती. आधी ती हसली, मग थांबली.

"म्हंजे मी त्याला दोन वर्सं जबरदस्ती खायला घातलं?"

"त्याला ठाव हाय. पयल्या महिन्यापासनं."

"मंग हात आडवे कशाला धरायचा?"

"तुला ते बाजूला सारून घालायला आवडतं म्हणून."

तिने ताट पुन्हा पुसलं, कोरडंच होतं ते.

"पोरगी केवढी हाय त्याची?"

"आपल्या पोरीएवढी. मुस्कानएवढी."

झोहराने ताट फळीवर ठेवलं आणि दिवा मालवला. अबू सादला काय सांगायचं ते तिने सांगावं असं त्याला वाटत होतं, म्हणून तो तिच्यावरही चिडला.

शनिवारी दुपारी तो अबू सादच्या टेबलापुढे उभा राहिला.

"चूक झाली. माझी. त्याने नो म्हटलं होतं."

"तू मोर सांगितलंस!"

"माझ्या भाषेत मोर. त्याच्या भाषेत नो."

"आणि माझ्या क्लबात कुणाची भाषा चालते?" अबू साद उठून उभा राहिला. "बोलाव त्याला. मी स्वतः विचारतो. तो हो म्हणेल."

"म्हणेल," रहिमतुल्ला म्हणाला. "तो सगळ्यांना हो म्हणतो. म्हणूनच मी आलोय."

"तुझा व्हिसा कुणाच्या नावावर आहे, ठाऊक आहे ना?"

"तुमच्या क्लबच्या."

मॅनेजर पुन्हा खुर्चीत बसला.   

"एक मॅच उरलीय. तेवढी खेळू दे, मग जाऊ दे त्याला."

"मफी, नाही," रहिमतुल्ला म्हणाला. "ती पण नाही."

मॅनेजरने दाराकडे हात केला. तो हात ‘जा’ म्हणत होता, की ‘कायमचा जा’, ते विचारायला रहिमतुल्ला थांबला नाही.

मैदानाच्या पायरीवर ताकभाई प्रॅक्टिससाठी बूट चढवत बसला होता. डाव्या बुटाची नाडी बांधून झाली होती. उजवा बूट पायात होता, पण गुडघा वाकत नव्हता आणि नाडीपर्यंत हात पोचत नव्हता. मैदानातून कोचने शिट्टी फुंकली. ताकभाईने रहिमतुल्लाला पाहून पाय पुढे केला, नाडी बांध म्हणून.

रहिमतुल्ला खालच्या पायरीवर बसला. त्याने पाय मांडीवर घेतला, नाडी पूर्ण सैल केली आणि बूट काढून बाजूला ठेवला.

शिट्टी पुन्हा वाजली. ताकभाई आपल्या मोज्यातल्या पायाकडे बघत राहिला.

मग त्याने दुसरा पायही पुढे केला.