पियानो कुठे ठेवायचा

नगरपालिकेत कायदा अधिकारी म्हणून रुजू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘कलमबाई’ पडलं. कुणी साधं ‘खिडकी उघडू का?’ म्हटलं तरी बाई ‘कुठल्या नियमाखाली?’ असं विचारतील, अशी त्यांची ख्याती. ती खोटी होती, पण अगदीच खोटी नव्हती.

एका सोमवारी त्यांच्या टेबलावर चर्चच्या शाळेचा अर्ज आला. नगरपालिकेच्या सभागृहात एक जुना पियानो बारा वर्षं धूळ खात पडला होता. तो शाळेला दान मिळावा, अशी विनंती होती. खाली फादरांची सही, आणि तिच्याखाली संगीत शिक्षिकेची. ही दुसरी सही कलमबाईंनी लहानपणी स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला पाहिली होती. संगीत शिक्षिका म्हणजे त्यांची मावशी. आई गेल्यावर मावशीनेच त्यांना वाढवलं, याच शाळेत शिकवलं, आणि आजही दोघी एकाच घरात राहत होत्या.

नगराध्यक्षांनी दारातून डोकं आत घातलं. “बाई, यात काही कलम-बिलम काढू नका हं. पियानो आहे, जमीन नाही.”

“शिकवायला द्यायला हरकत नाही, साहेब. पण नगरपालिकेची वस्तू प्रार्थनेसाठी देता येत नाही. कुठल्याच धर्माच्या. तो ठेवणार कुठे, तेवढं बघून येते.”

मंगळवारी त्या नगरपालिकेच्या सुताराला घेऊन शाळेत गेल्या. संगीताची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि जिना मध्येच काटकोनात वळत होता. सुताराने टेप लावला, पुन्हा लावला, आणि कानामागे पेन्सिल खोचत म्हणाला, “इथे हा आडवा वळत नाही न् उभाही वळत नाही. कठडा तोडला तर बघू.”

“कठडा तोडायचा नाही,” फादर घाईघाईने म्हणाले. “खालीच ठेवू की.”

“खाली म्हणजे?”

“चर्चमध्ये. खाली दुसरी मोठी खोलीच नाही.”

“मग रविवारी तिथे वाजणार?”

फादरांनी दाढी खाजवली. “बाई, पियानो समोर असताना मी लोकांना नुसत्या टाळ्यांवर गायला सांगू? वाजणारच. उगाच खोटं कशाला बोलू?”

या उत्तरामुळे कलमबाईंना फादर एकदम आवडले, आणि म्हणूनच परतीच्या वाटेवर त्यांचा पाय जड झाला. ऑफिसात बसून त्यांनी चार ओळींचा अभिप्राय लिहिला: दान देता येणार नाही.

संध्याकाळी त्यांनी घरी स्वतःच सांगून टाकलं. मावशी मटार सोलत होती. तिने हातातली शेंग पुरी केली, भांडं उचललं आणि आत गेली. त्यानंतर तीन दिवस घरातला सगळा संवाद फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांनी चालला. ‘दूध आणणे.’ ‘आणले.’ ‘गॅसवाला येणार आहे.’ ‘बरं.’

इकडे बातमी फुटली आणि अर्जांची रांग लागली. दुसऱ्या धर्माच्या शाळेने फाटकावर देवाच्या नावाची कमान मागितली. तिसऱ्यांना सकाळच्या प्रार्थनेसाठी लाउडस्पीकर हवा होता. देवच न मानणाऱ्यांच्या मंडळाने कळवलं की, आम्हाला काही नको, पण इतरांनाही काही देणार नाही हे लेखी द्या.

शुक्रवारी सभा भरली. प्रेक्षकांच्या बाकांवर फादर होते, आणि त्यांच्या शेजारी मावशी, पर्स मांडीवर घट्ट धरून. नगराध्यक्षांना निवडणूक दिसत होती. ते उदार झाले. “सगळ्यांनाच देऊन टाकू! भांडणच मिटलं.”

कलमबाई उठल्या. “साहेब, मग कुणाला कमी, कुणाला जास्त, यावर दरवर्षी इथे भांडण होईल. आणि जो कुठल्याच देवापुढे हात जोडत नाही, त्याचीही घरपट्टी आपण घेतोच ना?”

मागून एक नगरसेवक ओरडला, “बाई स्वतः त्याच शाळेत शिकल्यात! उपकार विसरल्या!”

कलमबाईंचे कान तापले. एरवी प्रत्येक गोष्टीला कलम हजर असायचं. उपकारांवर मात्र पुस्तकात कलम नव्हतं.

“शिकली म्हणून काय झालं?” मावशी उभी राहिली होती. “पियानोही शिकवला मी तिला. सहा वर्षं. काही येत नाही.”

सभागृह हसलं. मावशी तडक कोपऱ्यात गेली, पियानोवरच्या जुन्या फायली खाली ठेवल्या आणि झाकण उघडलं. दोन सूर बरे लागले, तिसरा सर्दी झाल्यासारखा आला.

“याला हलवाल तर आहे तोही आवाज जाईल,” ती म्हणाली. “मला पियानो पाहिजे. इमारत तुमची असली तरी चालेल. मुलांना मी इथे आणते.”

कलमबाईंच्या डोक्यात चटकन काहीतरी जुळलं. “चालेल. पण फक्त तुमच्या मुलांना नाही. कुठल्याही शाळेची मुलं येतील, अट सगळ्यांना एकच. आणि इथे प्रार्थना नाही. तुम्हाला मान्य आहे?”

मावशीला ‘तुम्ही’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली. मावशीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “गाणाऱ्या पोरांत मी कधी फरक केलेला नाही, बाई.”

फादरांनी अर्ज मागे घेतला आणि ठराव एकमताने झाला. कमानीचा आणि लाउडस्पीकरचा अर्ज नामंजूर झाला. मंडळाला हवं ते लेखी मिळालं.

पुढच्या मंगळवारी सकाळी चौतीस मुलं आली, तीन शाळांचे तीन गणवेश घालून. मावशीने पियानोच्या पट्ट्यांवर हात ठेवले आणि सवयीने प्रार्थनेची सुरुवातच वाजली. निळ्या गणवेशातली चर्चच्या शाळेची पोरं मोकळ्या गळ्याने सुरू झाली, बाकीची गप्प. दारात उभ्या असलेल्या कलमबाईंना कळेना, आत जावं की दुसरीकडे बघावं. पण मावशीने स्वतःच हात उचलले. गप्प बसलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि मिशा हरवलेल्या मांजराचं एक गाणं तिथल्या तिथे जुळवायला घेतलं. दुसऱ्या कडव्याला सगळी पोरं खिदळत होती.

दुपारी दोघी बरोबर घरी निघाल्या.

“तुझं बरोबर होतं,” मावशी म्हणाली. “पण लिहायच्या आधी मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“रडले असते. मग तू लिहिलंच नसतंस.”

कलमबाईंनी तिच्या हातातली वह्यांची पिशवी घेतली. मावशीने ती देऊन टाकली आणि मांजराच्या तिसऱ्या कडव्यासाठी ‘शेपटी’ला काय जुळेल, ते विचारू लागली.