डावा हात

खोपटच्या क्लासमध्ये डेमो लेक्चरला मुलांसाठी एक नियम असायचा. उत्तर येत असेल तर उजवा हात वर, येत नसेल तर डावा. मागे बसलेल्या पालकांना सगळेच हात वर दिसत. क्लासचे मालक सुश्रुत सर यांनी ही युक्ती सांगितली तेव्हा क्षिप्राला ती हुशारीची वाटली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती इथे इंग्रजी व्याकरण शिकवत होती. डेमो चांगला झाला तर नोकरी पक्की होणार होती.

पहिल्या वाक्याला वर्गभर हात उभे राहिले. तिने उजव्या हातांतून सिद्धेशला निवडलं. मग फळ्यावर लिहिलं, 'द डॉग स्लेप्ट अंडर द टेबल.'

"यातलं क्रियापद कोणतं?"

कोलशेतच्या कल्पिताचा डावा हात पुन्हा सगळ्यांत उंच. मराठी शाळेतून आलेली ही पोर दर वेळी वाक्यातला शेवटचाच शब्द दाखवायची, कारण मराठीत क्रियापद बहुतेकदा तिथेच सापडतं. तिचं कुठे चुकतं हे क्षिप्राला नेमकं कळलं होतं. समजावणं मात्र तिने डेमो संपेपर्यंत पुढे ढकललं होतं.

मागून कल्पिताचे वडील, धनेश, उठले. हातातल्या मोबाइलवर शूटिंग चालूच होतं. "मॅडम, आमच्या पोरीला पन विचारा की! कवाची हात वर करून बसलीय."

कल्पिता गोंधळली. "मॅडम, पण माझा डावा आहे ना."

पोरं खुसखुसली.

"डावा तर डावा, गो! सांग बिनधास्त," धनेश हसले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दाराशी सुश्रुत सर उभे होते. क्षिप्राने खडू उचलला आणि 'स्लेप्ट'खाली बारीकशी रेघ ओढली.

कल्पिताने रेघेवरचा शब्द वाचला. टाळ्या पडल्या. ती मात्र मान खाली घालून बसली.

"मस्त घेतलंस," सर नंतर म्हणाले. "सोमवारपासून परमनंट." क्षिप्राला त्यांच्याकडे बघवेना.

सोमवारी तिने वर्गात शिरताच सांगितलं, "आता डावा-उजवा काही नाही. येत नसेल तर सरळ सांगायचं. मी पुन्हा शिकवेन." मग तिने नवीन वाक्य लिहून क्रियापद विचारलं.

कल्पिताचा उजवा हात ताठ वर गेला. नजर फळ्यावर होती, शब्दांच्या खाली, रेघ शोधत.