हानबाईंचा रिकामा कागद

सहाणेवर चंदन उगाळावं तसा तो आवाज होता. किंचित ओला, किंचित खरखरीत आणि विलक्षण सावकाश. हानबाई शाई उगाळत असत. काळ्या दगडाच्या खोलगट भागात चमचाभर पाणी, त्यात काजळीची चपटी कांडी, आणि मनगट स्थिर ठेवून सबंध दंड गोल गोल फिरवणारी ती कृश, ताठ बाई. धूर आणि कापूर यांचा मिळून होणारा एक वास त्यांच्या गॅरेजमधून फुटपाथपर्यंत येई. ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या गॅरेजमध्ये गाड्या, बार्बेक्यू आणि मुलांच्या मोडक्या सायकली. ह्या एकाच गॅरेजला देवघराचा वास. मी पहिल्यांदा गेले ती त्या वासामागे गेले, चित्रांमागे नव्हे, हे आपलं आधीच कबूल केलेलं बरं.

त्या कोरियातल्या सोलच्या, मी पुण्याची. त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुजिन ब्रिस्बेन शहरात नोकरीला. इंग्रजी त्या फार काटकसरीने वापरत आणि मी नको तितकं. तरी आमचं जमलं. तरुणपणी गुरूंच्या समोर बसून त्यांनी वर्षानुवर्षं बांबू आणि ऑर्किड गिरवले होते. मग कधीतरी पाश्चात्त्यांचे भिंतीएवढे अमूर्त कॅनव्हास त्यांच्या पाहण्यात आले, ज्यांत झाड नाही, माणूस नाही, नुसता रंगाचा आवेग. "त्या दिवशी माझा बांबू मोडला," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि स्वतःच हसल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या कागदावर ना डोंगर उमटला ना पान. पण कुंचला तोच, काजळी तीच, तुतीच्या सालीचा तो तंतुमय कागदही तोच, आणि बरीचशी जागा मोकळी सोडण्याची परंपरागत अदबही तीच. ह्या मोकळ्या जागेचं मला काही म्हणजे काही कळत नसे. इतका महागाचा कागद आणि पाऊण भाग कोरा, असा हिशेबी विचार माझ्या मनात येई.

कुंचला टेकवण्याआधी त्या किती वेळ बसून राहत! जूनमधली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली, कोवळी, तिरपी उन्हं शटरखालून सरकत त्यांच्या पावलांपर्यंत येत आणि पुन्हा मागे जात, तरी कागद कोराच. एकदा अगदी हात उचलला आणि बाहेर तारेवर बसलेला कुकाबुरा पक्षी गदागदा हसायला लागला. बाईंनी हात तसाच अधांतरी धरला, त्याचं सगळं हसून होऊ दिलं, आणि मगच तो एकमेव, रुंद, काळाभोर फटकारा ओढला. मी टाळ्या वाजवणार होते, त्यांनी डोळ्यांनीच दाबलं. कारण चित्र तिथे संपत नसे. कागद वाळला की त्या तो उलटा करत आणि पाठीमागून, पाण्यासारख्या फिक्या शाईने, काहीतरी पुसट सारवत. मागचं कोण बघणार, असं मी एकदा विचारलंही. त्या "लाइट," एवढंच म्हणाल्या. मी मान डोलावली. न कळता मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार!

त्याच गॅरेजात मी त्यांना नानांबद्दल सांगितलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. ते गेले तेव्हा मी तिकीट काढून विमानात होते. पोचले तेव्हा तिसरा दिवस होता आणि खुर्चीवर त्यांचा घडी केलेला टॉवेल. तसे ते मला कधी विमानतळावर सोडायला आले नाहीत. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहत, हात वर करून. तो हात हलवत नसत, नुसता वर धरत, माझी रिक्षा वळेपर्यंत. शेवटच्या वेळी मी फोनवर होते, वर बघायचं राहिलं. हे मी मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. हानबाईंनी ऐकताना कांडी फिरवायची थांबवली नाही, फक्त गती आणखी उतरवली. मी रडले, त्यांनी पेपर टॉवेलचा अख्खा रोल पुढे केला.

पुढे दोन महिन्यांनी त्या दारात उभ्या, हातात गुंडाळी. माझ्यासाठी चित्र. पुरुषभर उंचीचा तो कागद मी जमिनीवर उलगडला. तळाशी एक रुंद, वळत जाणारा काळा पट्टा, नदीसारखा. आणि त्याच्यावर, वर, वरपर्यंत नुसतं पांढरं. "विंडो," बाई म्हणाल्या, आणि आमच्या दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या खिडकीकडे बोट केलं. "आफ्टरनून." पुन्हा एकदा, सावकाश, "विंडो." मी थँक यू म्हणाले, मिठी मारली, चहा केला. खिडकीत चित्र कोण लावतं? क्वीन्सलँडच्या उन्हात महिनाभरात पार विटून जाईल, असं मनात म्हणाले आणि विषय संपला.

चित्राची जागा आम्ही टीव्हीच्या वर ठरवली. मंदारने टेप लावला. दुकानात तयार मिळणाऱ्या फ्रेमपेक्षा कागद तीन फूट जास्त. तो म्हणाला, "अगं, वरती काही नाहीच्चे. डिझाइन तर सगळं खाली आहे." कात्री मात्र मी चालवली, कोथिंबीर कापायची तीच. कागद चिवट होता, कराकरा करत राहिला. फ्रेम झकास दिसली. आलेगेले वाखाणायचे, आणि मी ऐटीत सांगायची, नदी आहे, कोरियन आहे.

उरलेला कागद टाकवेना. इतका सुरेख कागद टाकेल तर ती आमच्या घरातली बाई कसली! दिवाळी आली. इथे ती वसंतात येते; रस्त्याकडेच्या जॅकरांडाखाली जांभळा सडा आणि आमच्या हातात उटणं. बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या बांधून मी आकाशकंदिलाचा सांगाडा केला, तो कागद चार तुकड्यांत कापून चारी बाजूंना चिकटवला, खाली क्रेपच्या झिरमिळ्या. पाठीमागे कुठेकुठे ओल आल्यासारखा राखाडी डाग होता. ती बाजू आत घातली.

फराळाला हानबाईंना बोलावलं होतं. अंधार पडताना त्या आल्या, सोबत डबाभर नाशपाती घेऊन, आणि पोर्चमध्येच थांबल्या. मंदारने नेमका तेव्हा दिवा लावला. कंदिलाच्या आतून काहीतरी राखाडी, लांबट असं उमटून वर आलं, एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं. माझी मुलगी म्हणाली, "मम्, इट्स गॉट शॅडोज, सो कूल!" हानबाई मान वर करून पाहत राहिल्या. त्यांनी एक हात उचलला, कंदिलाला लावला नाही, नुसता वर धरला. मग म्हणाल्या, "गुड लाइट." मी खुलून सांगितलं की कागद तुमचाच आहे हं, वाया नाही घालवला! त्या हसल्या. दोन चकल्या खाल्ल्या, टीव्हीवरची फ्रेमही पाहिली आणि नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या.

त्यानंतर त्या तुटक वागल्या असं म्हणणं खोटं होईल. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना दिसल्या की हात करत. मीच रमले माझ्या नोकरीच्या रोस्टरमध्ये, मुलीच्या स्विमिंगमध्ये. गॅरेजमधला वास रस्त्यावरूनच घेऊन पुढे जायची. उद्या जाऊ, शनिवारी जाऊ. पुढच्या ऑगस्टात कोरडा वारा सुटला आणि एका सकाळी त्यांच्या दारात सुजिनची गाडी बराच वेळ उभी दिसली. बाई झोपेतच गेल्या होत्या.

पंधरा दिवसांनी सुजिन आमच्याकडे आली. आईच्या सगळ्या चित्रांचे फोटो ती काढून ठेवत होती. म्हणाली, "मम्ने तुमच्यासाठी केलेलं ते एकच राहिलंय. ते उजेडासमोर धरून घ्यावं लागेल. आर्व्होला येऊ का, दुपारच्या उन्हात?" मी विचारलं, उजेडासमोर का? ती चकितच झाली. "तिने सांगितलं नाही? ती मागून रंगवायची. समोरून काही दिसत नाही, पाठीमागून ऊन आलं की दिसतं. खालचा काळा आहे तो रस्ता, तुमचा. आणि वरती तुमचे डॅड आहेत. गॅलरीत. हात वर केलेले."

दुसरं काही करता येईना म्हणून मी फ्रेम काढून आणली, मग माळ्यावरून कंदील. सुजिनने तो खिडकीशी नेला. चारी बाजू ती फिरवून फिरवून बघत होती. एका तुकड्यावर खांदा, एकावर उलटा लागलेला धडाचा भाग, एका कोपऱ्यात, डिंकाच्या रेषेने अर्धा झाकलेला, वर गेलेला हात. चेहरा असा काही नव्हताच, हानबाई चेहरे काढत नसत. पण उभं राहण्याची ती ढब! बघितल्या क्षणी ओळखली. मी म्हणाले, "आय ॲम सो सॉरी."

सुजिनने कंदील अलगद खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमच्या दिवाळीच्या रात्री तिने मला फोन केला होता. म्हणाली, त्यांनी त्याच्या आत दिवा लावला." मी विचारलं, रागावल्या होत्या का? "फोनवर कळलं नाही," ती म्हणाली. "हसत होती की काय, तेही नाही कळलं."

कंदील उकलून तुकडे जोडावेत म्हणून मी वाफ देऊन पाहिली. कागद डिंकासकट फाटायला लागला, तेव्हा हात आवरला. दर दिवाळीला तो लावते. नाना पोर्चमध्ये चारी दिशांना थोडे थोडे उभे राहतात, आणि वाऱ्याने कंदील फिरला की तो हात येतो आणि जातो. येणारे म्हणतात, काय सुंदर शॅडो आहे. मी सांगत बसत नाही.

पण दिवाळी चार दिवसांची. उरलेलं वर्षभर, रोज दुपारी तीनच्या सुमाराला, पश्चिमेच्या खिडकीत लख्ख ऊन येतं, काचेवर रेंगाळतं, जमिनीवरून सरकत सोफ्यापर्यंत पोचतं आणि विझतं. एक माणूस मला वर बघ म्हणून थांबला होता, दुसऱ्या माणसाने त्याला पुन्हा तिथे उभं करून दिलं होतं. दोन्ही वेळा बघायचं माझंच राहिलं. आता मी रोज बघते, तर खिडकीत नुसतं ऊन असतं.