कुंपणातलं गवत

माळरानाच्या कडेला अकरा विद्वानांचं एक केंद्र होतं. अकरा जणांनी माळ आपसांत वाटून घेतला होता. कुणाकडे गवत, कुणाकडे माती, कुणाकडे पाखरं, आणि जाड चष्म्याच्या एका सरांच्या वाट्याला माणसं आली होती. माणसं म्हणजे मेंढपाळ. ते कशावरून भांडतात, मुली कुठे देतात, मेलेल्याला काय म्हणून रडतात, सगळं सरांच्या कपाटात विषयवार लावलेलं होतं. मेंढपाळ या मंडळींना सरसकट ‘गवतवाले’ म्हणायचे, आणि त्यांचं काही फार चुकत नव्हतं.

गवतवाल्यांचा मोजणीदार मेंढपाळाच्याच पोटचा. अठरा वर्षं तो एकच काम करत होता. लोखंडी चौकट जमिनीवर टाकायची आणि तिच्या आतली काडी न् काडी मोजायची. डोळे मिटून नुसत्या बोटांनी तो गवताची जात सांगायचा. विद्वानांच्या लेखांच्या शेवटी बारीक अक्षरांत त्याचे आभार मानलेले असत, आणि ती पानं तो ट्रंकेत जपून ठेवायचा. बायको म्हणायची, या आभारांनी भिंतीचं भोकसुद्धा बुजत नाही.

माळाच्या मधोमध, सगळ्यांत कसदार जमिनीवर, तारेच्या कुंपणातला एक तुकडा होता. न चरलेलं गवत कसं वाढतं ते बघायला तो राखला होता, आणि अठरा वर्षांत तिथे एकही खूर पडला नव्हता. जमीन मेंढपाळांची. ती मागायला केंद्राच्या प्रमुख बाई आल्या तेव्हा मोजणीदाराचा बाप तयार नव्हता. त्याला वळवलं ते या पोरानेच. “वाईट दिवस आले तर बाई फाटक उघडतील, मी आहे ना,” असं तो बापाला म्हणाला. बाईंनी असं काही कबूल केलं नव्हतं, आणि यानेही विचारलं नव्हतं. नव्या नोकरीच्या तोऱ्यात उचलली जीभ लावली टाळ्याला. बापाने मात्र पोराचा शब्द खरा धरला आणि माळावरच्या घराघरातून वचन घेतलं, की कुंपणाला कुणी हात लावायचा नाही. बाप गेला, पण वचन कुणी मोडलं नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस फिरकला नाही. बाहेरचा माळ तव्यासारखा झाला. कुंपणात मात्र जुनं गवत कमरेएवढं उभं होतं, वाळलेलं, पण खाण्याजोगं. मोजणीदाराचा थोरला भाऊ एके सकाळी केंद्राच्या पायरीवर येऊन बसला. सगळा कळप नको, म्हणाला, नुसत्या गाभण मेंढ्या आठ दिवस आत सोड. तेवढ्या जगल्या तर घर जगेल.

मोजणीदाराने गोष्ट बाईंच्या कानावर घातली. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी बैठक बोलावली, चहा आला आणि अकरा जणांनी दुपारभर खल केला. माणसांच्या सरांचे तर डोळे पाणावले. मातीवाले म्हणाले, एकदा खूर पडला की अठरा वर्षांच्या नोंदी मातीमोल. शेवटी बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या मोजणीदाराकडे पाहिलं.

“अशा वर्षासाठीच तर हा तुकडा आपण राखला,” त्या म्हणाल्या.

त्याचा जीव भांड्यात पडला. फाटकाच्या किल्लीवर हातही गेला.

“दुष्काळात न चरलेलं गवत कसं तग धरतं, याची नोंद आपल्याइतकी सलग कुणाकडेच नाही. आणखी तीन आठवडे. फाटक नीट सांभाळा.”

किल्ली त्याच्याच खिशात होती. भरदुपारी फाटक उघडलं असतं तर फार तर नोकरी गेली असती. पण त्याने उघडलं नाही. तो घाबरला, हे खरंच. पण त्याहून वाईट म्हणजे आपण मोजलेल्या काड्यांत मेंढ्या तोंड घालणार, हे त्याला सोसवेना. अठरा वर्षांत तो पुरता गवतवाला झाला होता.

थोरला रोज मेंढ्या घेऊन फाटकापाशी येऊन बसे. हातात कोयता असून त्याने तारेला स्पर्श केला नाही. मेंढ्या तारेतून तोंड खुपसत, पोचेल तेवढं ओरबाडत. त्या कडेच्या गवताचीही नोंद झाली, ‘बाधित’ म्हणून. बाराव्या दिवसापासून त्या पडू लागल्या. वहिनीने एकदाच तोंड उघडलं. “भाऊजी, आत जसं मोजता, तसंच बाहेर पण मोजा.” त्याने मोजल्या. सेहेचाळीसपैकी पाच उरल्या.

तीन आठवडे संपले. विद्वानांनी पट्ट्यापट्ट्याने नमुने कापले, वाळवले, तोलले. मग बाईंनी दुसरा टप्पा सांगितला, आणि तो पहिल्या दिवसापासून कागदावर होता. जाळल्यावर गवत कसं फुटतं, ते आता पाहायचं. उरलेला सगळा तुकडा पेटवायचा होता. वाऱ्याची दिशा मोजणीदाराला चांगली कळे, म्हणून पलिता त्याच्याच हातात दिला. गवत मोठं छान जळलं. थोरल्याच्या उरलेल्या मेंढ्या धुराकडे तोंड करून उभ्या होत्या.

थोरल्याने माळ सोडायचं ठरवलं. जाणाऱ्या घराची माहिती अपुरी राहू नये म्हणून सरांनी मोजणीदाराला छापील फॉर्म देऊन पाठवलं. निघताना समजावलंही, की कुंपणातलं गवत चाऱ्यात धरायचं नाही, तो प्रयोग आहे.

थोरला बोचकी बांधत होता. जनावरं किती होती, किती मेली, कशाने मेली, एकेक उत्तर तो न चिडता देत गेला. धाकट्याचं काम अडू नये, एवढंच जणू त्याच्या मनात होतं.

“शेवटचा प्रश्न आहे, दादा,” मोजणीदार म्हणाला. “जनावरं मेली तेव्हा जवळपास चारा होता का?”

थोरल्याचे हात थांबले.

“होता,” तो म्हणाला. “लिही.”

मोजणीदाराने ‘नाही’च्या चौकोनात खूण केली.

“लिहिलंस?”

“लिहिलं. इथं खाली अंगठा लागतो.”

थोरल्याला वाचता येत नव्हतं. भावाने लिहिलंय म्हटल्यावर त्याने अंगठा पुढे केला.