भरलेली यार्डं

हितेश ठाकूरच्या वाशीतल्या कंपनीकडे एकच मालवाहू जहाज होतं, चोवीस वर्षांचं. दुसऱ्या जहाजाची ऑर्डर जहाजं बांधणाऱ्या ज्या परदेशी यार्डाला दिली होती, त्याने ते कामच बंद केलं. आगाऊ रक्कम परत आली, पण उरलेली यार्डं पुढची चार वर्षं ऑर्डरींनी भरलेली होती.

हितेशला फारसं वाईट वाटलं नाही. नवी जहाजं येत नव्हती, त्यामुळे जुन्यांचं भाडं चढत होतं. कंपनीत तिसरा हिस्सा असलेले मार्केटमधले कांदाबटाट्याचे व्यापारी सयाजी शिंदे तर खुशीत होते.

मार्चमध्ये कंपनीची इंजिनिअर उज्वला जहाज तपासून आली. "आतले पत्रे खूप झिजलेत. ड्राय डॉकला नेऊन, पाण्याबाहेर काढून पत्रे बदलावे लागतील. दोन महिने."

"आता? भाव टॉपला असताना?" हितेश म्हणाला. "जहाज चालवायचं सर्टिफिकेट ऑक्टोबरपर्यंत हाय ना? दोन ट्रिपा मारू, मग बघू."

उज्वलाने वाद घातला नाही. तिने सयाजींना फोन केला. "काका, तुमचे पैसे ज्यात आहेत ते एकदा बघून तरी या."

दुसऱ्या दिवशी बंदराचा पास काढून, डोक्यावर हेल्मेट चढवून बासष्ट वर्षांचे सयाजी धापा टाकत शिडीने जहाजाच्या पोटात उतरले. उज्वलाने त्यांच्या हातात हातोडी दिली. पहिल्या घावाला गंजाचे पापुद्रे गळले. दुसऱ्या घावाला हातोडी आत रुतली.

सयाजींनी ती ओढून बाहेर काढली. "ह्यावर माणसं किती असत्यात?"

"एकवीस."

ऑफिसात परतल्यावर ते हितेशला म्हणाले, "जहाज डॉकला घाला."

"शेठ, तोवर भाडं पडलं तर?"

"पडंल की."

आणि पडलंच. साठ दिवसांनी जहाज बाहेर आलं तेव्हा भाडं पाव हिश्शाने उतरलं होतं. त्या वर्षी नफा वाटला गेला नाही. सयाजींचा मुलगा शिवतेज हिस्सा विकून टाका म्हणून मागे लागला. त्यांनी ऐकलं नाही. डॉकच्या रिपोर्टात लिहिलं होतं, बारा मिलिमीटरचा पत्रा चारवर आला होता. हितेशने तो आकडा दोनदा वाचला.

दिवाळीनंतर एका यार्डाचं पत्र आलं. जागा चार वर्षांनी मिळणार होती, किंमत पहिल्या ऑर्डरच्या दीडपट. तरीही सह्या झाल्या.

"तोवर हे चालंल?" सयाजींनी विचारलं.

"चालेल," उज्वला म्हणाली. "पण दर वर्षी डॉकला घालावं लागेल."

हितेशने कॅलेंडर पुढे ओढलं. "तारीक सांगा, मॅडम."