वंदनाच्या नावावरच्या दोन ओळी

वसंतने एंटर दाबलं. पुन्हा दाबलं. मग भडकून दहा वेळा दाबलं. समोर प्रोग्राममधली चूक शोधायचा डीबगर उघडा होता, पण एक अक्षर घेईल तर शपथ!

आठवडाभर कंपनीचे संगणक असेच अडकत होते. प्रोग्राममधल्या ज्या दोन ओळींवर संशय होता त्या वंदनाच्या नावावर होत्या. शेजारच्या शाहपूरची ही पोरगी वसंतनेच पुण्याच्या या कंपनीत लावलेली. चारपर्यंत त्याने अहवाल द्यायचा होता. ज्याची चूक, त्याची नोकरी जाणार होती.

तो गावाहूनच काम करायचा; इतवारा पेठेतल्या घरी खिडकीपाशी बसून त्याने त्या ओळी वाचल्या. डीबगर उघडला की संगणकातले बाकीचे सगळे प्रोसेसर जागच्या जागी थांबतात. कीबोर्ड वाचायला मात्र एका वेळी एकालाच मिळणारं एक लॉक लागत होतं, आणि ते एखाद्या थांबलेल्या प्रोसेसरकडेच राहिलं असलं तर? आतून कडी लावून माणूस गाढ झोपावा, तसं. बसा बाहेर.

आणि त्याला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात इथली वीज गेली, तेव्हा त्यानेच या ओळी फोनवरून वंदनाला सांगितल्या होत्या. तिने त्या स्वतःच्या नावाने प्रोग्राममध्ये चढवल्या.

"दादा, सगळेच थांबले तर लॉक सोडणार कोण?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"तू जास्त दिमाग नको लावू," तो म्हणाला होता.

अरे देवा! त्याने डोकं धरलं. आत वडिलांना आई औषध पाजत होती. वडील अंथरुणाला खिळल्यापासून घर त्याच्याच पगारावर चाललं होतं.

साडेतीनला वंदनाचा फोन आला.

"मिळालं का, दादा?"

"मिळालं."



"मला याद आहे, कुणी सांगितलं होतं ते," ती हळूच म्हणाली. "मी बोलले नाही कुणाला. तू लिही, माझीच गलती. काकांची तब्येत अशी... मी बघीन दुसरं काही. मला मिळून जाईल."

तिला मिळणार नव्हतं. मागच्या खेपेला नोकरीसाठी दीड वर्ष वणवण केली होती पोरीने, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

वेडी आहेस का, असं त्याने म्हणायला हवं होतं. तेवढ्यासाठी त्याने तोंडही उघडलं.

"बरं," तो म्हणाला.