रिकामी डबी

सुनयनाने दार उघडलं, तर समोर केयूर. हातात तिचीच स्टीलची डबी. झाकणावर तिचं नाव कोरलेलं, लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर आहे तसं.

"काकू, तुमची डबी. श्रुती म्हणाली, आत्ताच देऊन ये."

वरच्या मजल्यावरचा, सातशे चारमधला हा मुलगा नेहमीसारखाच गोड हसला. तिने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नाही.

शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं त्याच्या बायकोला, श्रुतीला, उरणच्या तिच्या आईने नक्कीच शिकवलं होतं. म्हणून तर मागच्या आठवड्यात जिन्यात गाठून तिने सुनयनाच्या कानात सांगितलं होतं, "डबी रिकामी आली ना काकू, की ह्याला दहा मिनिटं खाली बसवून ठेवा. बॅग भरलेलीच आहे." मानेवरचा काळानिळा वळ ओढणीखालून दिसत होता.

"ये ना, चहा टाकते," सुनयना म्हणाली. आवाज कसाबसा सरळ ठेवला.

"नको काकू, निघतो."

"अरे बस रे!" आतून सुधीर ओरडला. तिचा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी. दारात आलेल्या माणसाला बसवल्याशिवाय सोडायचा नाही. या सवयीचा तिला आज पहिल्यांदा राग आला नाही.

केयूर सोफ्यावर बसला.

"काका सकाळी लिफ्टमध्ये बोलले मला. तुम्हाला वरचे आवाज येतात म्हणे. सॉरी हां काकू. यापुढे नाही येणार आवाज."

अरे देवा! तिने रडकुंडीला येऊन नवऱ्याला सांगितलं, आणि याने ते थेट त्यालाच जाऊन सांगितलं? बाथरूमच्या गळतीची तक्रार सांगावी तसं? काल संध्याकाळीही तेच. वर बाई भिंतीवर आपटल्याचं तिला ऐकू आलं, आणि सुधीरला म्हणे फर्निचर सरकवल्याचं. "नवरा-बायकोत होतं गं थोडंफार. मुलगा चांगला आहे, दिसला की वाकून नमस्कार करतो." चांगला!

तिने चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात वर एक दार वाजलं. अगदी हळू. बाहेर केयूर बोलता बोलता गप्प झाला. सुनयनाने नळ जोरात सोडला.

"हिला मुळात भीतीच फार," सुधीर सांगत होता. "जरा कुठे खुट्ट झालं की झोप उडते."

"बायकांचं तसंच असतं काका."

दोघं हसले.

तिने ट्रे आणून टीपॉयवर ठेवला. केयूरने कप उचलायला हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाची बाही मागे सरकली. मनगटावर चार ओरखडे. ताजे, नखांचे. सुधीर मेंटेनन्सवाल्या पोरांबद्दल काहीतरी बोलत होता, तो मध्येच थांबला. केयूरने बाही खाली ओढली.

इंटरकॉम वाजला. सुनयना धावली, पण सुधीर जवळ होता. त्यानेच रिसीव्हर उचलला. वॉचमन शिवरामचा आवाज शेजारी उभ्या सुनयनाला ऐकू आला.

"साहेब, सातशे चारच्या मॅडम बॅगा घेऊन रिक्षात बसल्यात. तुमची चिठ्ठी नाय त्यांच्याकडे. सोडू का?"

सेक्रेटरीच्या चिठ्ठीशिवाय सामान गेटबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा नियम सुधीरनेच केलेला. आता हा विचारणार, 'काय रे केयूर, श्रुती कुठे निघाली?' आणि तो धावत गेटवर पोचणार. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली. नको.

सुधीरने तिच्याकडे पाहिलं. मग केयूरच्या बाहीकडे.

"सोड," तो म्हणाला.

"कोण आहे काका?"

"पाण्याचा टँकर."

रिसीव्हर त्याला एका झटक्यात जागेवर ठेवता आला नाही. मग त्याने डायनिंगची खुर्ची ओढत नेली आणि दाराला पाठ लावून बसला.

"बस रे," सुधीर म्हणाला. "अजून अर्धा कप घे."

केयूरचा कप अजून भरलेलाच होता.